टाचांना तूप

"तुमी लावा आधी," गोकुळाबाई म्हणाली आणि तुपाची वाटी तिनं माझ्यापुढे सरकवली.

थंडीनं तूप थिजलं होतं. वर रवाळ दाणे धरले होते. समोर गोणपाटावर तिची सून सुभद्रा बसली होती. अर्धा तास घमेल्यातल्या पाण्यात भिजवलेले पाय तिनं नुकतेच बाहेर काढले होते आणि भिजल्यामुळे टाचांच्या भेगा आणखी उघड्या दिसत होत्या. दोन-तीन भेगांच्या आत तांबडं दिसत होतं. दुसरं कुणी असतं तर कळवळलं असतं. सुभद्राला काही होत नव्हतं, कारण तिच्या पावलांना काही समजतच नव्हतं.

"मावशी, मी कसं लावायचं ते सांगायला आले आहे," मी म्हणाले. "लावायचं घरच्यांनी."

"हाव. तेच म्हंते मी. दाखवा न लावून."

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. एकोणीसशे शहाऐंशीचा डिसेंबर होता. कुष्ठरोग निर्मूलनाच्या कामात लागून मला सहा महिने झाले होते. आर्वीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेली बावीस गावं माझ्याकडे होती. त्यांतच ही बारा गवळी घरांची वस्ती होती. ऑगस्टमधल्या पाहणीत मला सुभद्राच्या पाठीवर चट्टे सापडले. पावलं बधिर झालेली होती, उजव्या हाताची दोन बोटं आत वळायला लागलेली होती. वय असेल एकवीस-बावीस. पदरी दीड वर्षाची मुलगी, बेबी.

गोळ्या सुरू केल्या. त्यांतल्या एका लाल कॅप्सूलनं कातडी काळवंडते आणि कोरडी पडते. औषध बंद झालं की हळूहळू रंग परत येतो, हे मी तिला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि रोज आरशात बघणं वेगळं. दिवाळीपर्यंत सुभद्राचा चेहरा धुरकटल्यासारखा झाला. पायांवर माशाच्या खवल्यांसारखी कातडी दिसायला लागली. मग वस्तीत कुजबुज सुरू झाली आणि गोकुळाबाईनं सुनेचं अंथरूण गोठ्याच्या आडोशाला टाकलं. सुभद्रानं चूल, ताकाची रवी आणि बेबी, तिन्हींना हात लावायचा नाही, असं ठरलं. सुभद्रानंही एक ठरवलं. तिनं गोळ्या घेणं थांबवलं. आधीच्या भेटीत गोणपाटाखाली मला महिन्याभराच्या पुड्या तशाच सापडल्या होत्या.

"गोळी खाऊनच मी काळी झाली, ताई," ती म्हणाली होती. "न खाता कोनाले दिसत तरी नव्हतं."

तिला परत औषधावर आणायचं तर कातडीचा कोरडेपणा कमी करणं भाग होतं. आमच्या दवाखान्यातलं व्हॅसलीन संपून दोन महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, "बधिर कातडीला घाम येत नाही, म्हणून ती सुकते आणि फाटते. रोज पाण्यात भिजवायचं आणि ओली असतानाच वरून काहीतरी स्निग्ध चोळायचं, म्हणजे पाणी आत टिकतं. घरात असेल ते चालेल. तेल, तूप, काहीही."

तूप तर या घराचा धंदाच होता. गोकुळाबाईचं तूप आर्वीच्या दोन हलवायांकडे जायचं आणि ज्या घरात बाळंतीण असेल तिथून हमखास मागणी यायची. ती लोणी कढवायला बसली की वस्तीभर वास सुटायचा. म्हणूनच ती घाबरली होती. तिनं मला एकदा स्पष्टच सांगितलं होतं, "आमचं तूप बाळंतीनीच्या तोंडात जाते, बाई. उद्या कोनी म्हनलं का या घरात महारोग हाय, तं आमी कोनाच्या दारात उभं राहाचं?"

आणि आता तिनं ती वाटी माझ्यापुढे ठेवली होती.

"तूप द्याले मी नाई नाही म्हनत," ती म्हणाली. "पन लावन कोन? हिची बोटं वाकडी झाली. माहा किसना दिवसभर ढोरामागं राह्यते. राह्यली मी. तुमी सांगता का हात लावल्यानं हे होत नाई. मी चार महिन्यांपासून पाहून रायली. तुमी हिले पिसानं शिवता, टाचनीनं टोचता. हातानं कवा शिवल्या?"

तिनं बरोबर पाहिलं होतं. बधिरपणा तपासायचं पीस, टाचणी, कापसाचा बोळा, यांच्या पलीकडे माझा हात कधी गेला नव्हता. हा रोग सहजासहजी लागत नाही, औषध सुरू झाल्यावर तर नाहीच, हे मी शे-दीडशे घरांत सांगितलं होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

मी चपला काढल्या आणि गोणपाटासमोर बसले. बोटांनी तूप उचललं, तळव्यांवर चोळून पातळ केलं आणि सुभद्राचा उजवा पाय हातात घेतला. टाच दगडासारखी होती. भेगांच्या कडा माझ्या बोटांना लागत होत्या. सुभद्रा मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मी टाचेवरून घोट्यावर आले, घोट्यावरून नडगीवर. नडगीच्या मध्यावर माझा हात पोचला तेव्हा तिचं अंग एकदम शहारलं.

"इथं समजते, ताई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दोन महिन्यांत तिला कुणाचा हात लागला नव्हता. मी दुसरा पाय घेतला. गोकुळाबाई दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होती. शेवटी ती म्हणाली, "बसा. चहा टाकते."

"नको मावशी, उशीर होईल," मी म्हणाले. पिशवी उचलली आणि सायकल काढली.

वस्तीपासून थोड्या अंतरावर नाला होता. सायकल टाकून मी खाली उतरले. पिशवीत साबणाची वडी होती. हात धुतले. गार पाण्यानं तूप निघेना, म्हणून नाल्यातली वाळू घेऊन घासले. पुन्हा साबण लावला. पुन्हा वाळू. नखांत तूप होतं, ते काडीनं काढलं. बोटांची कातडी लाल झाली तरी मी घासत होते. मला रडू येत होतं आणि कशाचं येत होतं ते कळत नव्हतं. आईचं पत्र आठवत होतं. नोकरी सोड, तुला कोण करून घेईल, असं तिनं लिहिलं होतं.

मान वर केली तेव्हा काठावर गोकुळाबाई उभी होती.

तिच्या एका हातात माझं रजिस्टर होतं. ते मी घाईत तिथंच विसरले होते. दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला लहानसा डबा होता. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं रजिस्टर एका दगडावर ठेवलं. डबा मात्र पदराखाली घेतला.

"धुवा, धुवा," ती म्हणाली. "चांगले धुवा."

आणि ती वळून वस्तीकडे गेली.

आठ दिवस मी तिकडे फिरकले नाही. दुसरी गावं केली. आमचे पर्यवेक्षक देवतळे निवृत्तीला आले होते. रजिस्टर तपासताना त्यांनी विचारलं, "ही सुभद्रा गवळी. औषध बंद आहे म्हणता, आणि पुन्हा भेट नाही?"

मी सगळं सांगून टाकलं. वाळूचंसुद्धा.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्या वर्षी मी खिशात डेटॉलची बाटली घेऊन फिरायचो," ते म्हणाले. "उद्या जा."

"काय सांगू तिला?"

"ठरवून जाऊ नका. ठरवून गेलात की भाषण द्याल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर पोचले तेव्हा घरासमोर बैलगाडी जुंपलेली होती. किसना बैलाच्या जोताशी उभा होता. गाडीत कडब्यावर सुभद्रा बसली होती, मांडीवर गाठोडं. ती माझ्याकडे बघत नव्हती. घरातून बेबीचं रडणं ऐकू येत होतं. शेजारणीनं तिला आत धरून ठेवलं असावं.

"कुठं चाललात?" मी किसनाला विचारलं.

तो जमिनीकडे बघून म्हणाला, "आश्रम हाय तिकडं लांब. अशी लोकं ठेवते तिथं."

"किती दिवस?"

तो जोताची दोरी आवळायला लागला. गोकुळाबाई दारात आली. मला बघून तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. मला वाटतं, राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी तं शिकल्या-सवरल्या," ती म्हणाली. "तुमीच वाळूनं हात घासले. मंग आमी अडानी लोकांनी काय कराचं? मले एक नात हाय, बाई. तिले सांभाळाचं का हिले?"

"मला भीती वाटली, मावशी," मी म्हणाले.

किसनानं मान वर केली.

"मी सांगते ते खरं आहे. पुस्तकात आहे म्हणून नाही, डॉक्टरांनी वीस-वीस वर्षं रोग्यांना हात लावलेत, त्यांना काही झालेलं नाही. ते मला माहीत आहे. तरी मला भीती वाटली. नाल्यावर मी खोटं वागले नाही आणि इथं खोटं बोलले नाही. दोन्ही खरं आहे."

"आता?" तिनं विचारलं.

"आता काय?"

"आता वाटते का भीती?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. गाडीतून सुभद्रा माझ्याकडे बघायला लागली होती.

"वाटते," मी म्हणाले. "थोडी."

गोकुळाबाई पायरीवर बसली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मग ती म्हणाली, "असं कर. एक महिना. तू रोज ये. रोज हिले तूप लाव. हात धुवाचे तं धुव, पन इथं, माह्या आंगनात, जसे भाकरीआधी धुते तसे. आन माह्या घरी जेव. महिन्यानं तुले काई झालं नाई, आन तू यायची थांबली नाई, तं मी हिले ठेवीन. एक दिवस जरी घाबरून बसली, तं गाडी जुंपतो."

ती मला पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती.

"आणि सुभद्रानं गोळ्या घ्यायच्या," मी म्हणाले.

"ते तिले इचार."

सुभद्रा गाठोडं घेऊन खाली उतरली. एवढंच तिचं उत्तर.

माझी खोली आर्वीला होती. रोज पहाटे निघून मी नऊच्या सुमारास वस्तीवर पोचायचे, मग पुढची गावं करायचे. गेल्या गेल्या सुभद्राचे पाय पाण्यात. तोवर मी तिला माझ्यासमोर गोळी घ्यायला लावायचे. मग मेलेली कातडी खरवडायची, मग तूप. तूप हे काही औषध नव्हे, हे मी गोकुळाबाईला बजावून सांगितलं होतं. जिथं आतलं मांस दिसत होतं त्या दोन भेगांवर मी पट्टी बांधायचे आणि तूप आजूबाजूला लावायचे. शेकोटीजवळ बसताना पाय लांब ठेव, विस्तव लागला तरी तुला कळणार नाही, हे सुभद्राला रोज सांगायचे. मग अंगणात हात धुवायचे. गोकुळाबाई तांब्यानं पाणी घालायची आणि माझ्या हातांकडे बघायची. मग भाकरी, वरण, वर तूप.

पहिल्या दिवशी मी भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरून बसले. त्याच तुपाची वाटी मी मघाशी पायांसाठी घेतली होती, असं सारखं मनात येत होतं. वाटी वेगळी होती, तूप वेगळ्या डब्यातलं होतं. हे मला माहीत होतं. गोकुळाबाई समोर बसून बघत होती. मी खाल्लं.

माझ्या ओढणीला, केसांना, रजिस्टरच्या पानांना तुपाचा वास लागला. दहा-बारा दिवसांत सुभद्राच्या पायांवरचे खवले निघाले. काळपट रंग तसाच होता, पण कातडी मऊ झाली, भेगांच्या कडा नरमल्या. एकदा तिनं स्वतःच तुपाचं बोट चेहऱ्याला लावलं आणि डब्याच्या झाकणात बघितलं. मग झटकन झाकण ठेवून दिलं, जसं काही चोरी केली.

बातमी वस्तीबाहेर गेलीच. संक्रांतीच्या आधी एका हलवायानं निरोप पाठवला की काही दिवस तूप नको. मला वाटलं, आता संपलं. गोकुळाबाईनं निरोप्याला सांगितलं, "नको तं नको म्हना," आणि आत जाऊन लोणी कढवायला बसली.

जानेवारीच्या शेवटी मला ताप भरला. दोन दिवस उठता आलं नाही. महिना पुरा व्हायला सहा दिवस उरले होते. अंथरुणात पडल्या पडल्या मला ती जुंपलेली गाडी दिसत होती. मी घाबरून बसले असं ती समजणार, यात शंका नव्हती. तिला निरोप पाठवायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंगात कसकस असतानाच सायकल काढली. चढावर दोनदा उतरून चालले.

घरासमोर गाडी नव्हती. गोठ्याचा आडोसा रिकामा होता, जमीन शेणानं सारवलेली. मी सायकल तिथंच टाकली.

मग घराच्या मागच्या बाजूनं बोलणं ऐकू आलं. मी भिंतीला धरून तिकडे गेले.

उन्हात घोंगडीवर सुभद्रा पाय पसरून बसली होती. गोकुळाबाईनं तिची एक टाच मांडीवर घेतली होती आणि ती तूप चोळत होती, जोरजोरानं, जसं लहान मुलाला न्हाऊ घालण्याआधी चोळतात. कोपरापर्यंत हात चमकत होते. बेबी आईच्या पाठीला चिकटून उभी होती आणि तिच्या गळ्यातली पोत ओढत होती. तिला कुणी बाजूला करत नव्हतं.

गोकुळाबाईनं माझ्याकडे बघितलं.

"तू आली नाई," ती म्हणाली. "टाचा वाळून चालल्या होत्या."

"ताप होता, मावशी. मी घाबरून..."

"थोबाडावर दिसते न ताप. बस तिथं, सावलीत." ती पुन्हा टाचेकडे वळली. "पहिल्या दिवशी वाट पाह्यली. काल बी पाह्यली. मंग म्हनलं, हे काय, पोरगी बसली हाय पाय भिजवून."

मी सावलीत बसले. मला वाटलं होतं की असं काही घडलं तर मी आनंदानं रडेन. तसं काहीच झालं नाही. अंगात ताप होता आणि झोप येत होती. गोकुळाबाईनं दुसरा पाय मांडीवर घेतला. सुभद्राचं अंथरूण आता घरात होतं, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर मी रोज जायचं कारण उरलं नाही. मी महिन्याच्या गोळ्या घेऊन जायचे. तो हलवाई परत आला नाही. दुसऱ्यानं घेणं सोडलं नाही. बाळंतिणींची घरं वर्षभर लांब राहिली, मग एकेक करून यायला लागली. सुभद्रानं अडीच वर्षं औषध घेतलं, एक दिवसही चुकवला नाही. बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. रंग मात्र औषध थांबल्यावर हळूहळू उजळला.

तिचं औषध बंद करायचं ठरलं, त्या दिवशी मी शेवटच्या तपासणीसाठी गेले होते. गोकुळाबाई आर्वीला गेली होती. आम्ही दोघीच ओट्यावर बसलो होतो. माझी बदली झाली होती, पुन्हा येणं होणार नव्हतं. अडीच वर्षं जे मनात होतं ते मी तिला सांगितलं. पहिल्या दिवशी तिच्या पायांना तूप लावून गेल्यावर मी नाल्यावर काय केलं ते.

"मले माहीत हाय," सुभद्रा म्हणाली. "सासूनं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"आणि तरी तू रोज माझ्यापुढे पाय करायचीस?"

"तुमी येत होत्या न रोज." ती हसली. "आन सासूनं सांगाची बी गरज नव्हती. तुमचे हात कापत, ताई. पायाले समजत नाई म्हनून काय झालं, डोळ्याले दिसे न."

मी खाली बघितलं. एवढे दिवस मला वाटत होतं, ते कुणाला कळलं नव्हतं.

"खूप दिवस कापत होते का?" मी विचारलं.

"लई दिवस. मंग थांबले."

"कधी?"

तिला आठवावं लागलं नाही.

"तिळगुळाच्या दुसऱ्या दिवशी. सासू घरी नव्हती. तुमी बहिनीच्या लग्नातलं सांगत होत्या. तुमच्या आईनं वराकडच्यांना सांगतलं होतं का तुमी शाळेत शिकवता, आन त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तुमाले भर मांडवात तेराचा पाढा इचारला. तुमाले तेर आठे येईना. तुमी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, का सांगता सांगता दोन्ही टाचा झाल्या आन तुमी हात धुवाचेच इसरल्या. तशाच सायकलवर बसून गेल्या."